सहावं पत्र

१

पाटणकडच्या उपसा योजनेचं काम ‘कोयनाई पंप्स’च्या हातून गेलं, आणि तेही स्पर्धेत हरून नव्हे. कंपनीनं स्वतःच आपली निविदा मागे घेतली होती. निविदा उघडायच्या दिवशी कोयनाईचा लखोटा न फोडताच परत आला, काम मिरजेच्या बाळासो निकमांना मिळालं, आणि परत आलेल्या लखोट्याला टाचलेलं पत्र आता सांगलीत, विश्रामबागेतल्या कचेरीत वीरधवल शितोळ्यांच्या टेबलावर पडलं होतं. पत्राखाली सही होती – वीरधवल शितोळे यांच्याकरिता, सु. आठल्ये.

“हे पत्र मी सांगितलेलं नाही,” साहेब म्हणाले.

सुहासिनी आठल्ये त्यांची सचिव. वीसेक वर्षं तिनं या माणसाची पत्रं लिहून घेतली होती. तिला तो आवाज माहीत होता. हा आवाज ओरडायचा नाही, बारीक व्हायचा, आणि तो बारीक झाला की समोरच्याचं काही खरं नसायचं.

“कॅसेटवर आहे, साहेब. तुमच्याच तोंडचं.”

“आणा. ऐकवा.”

पूर्वी ती साहेबांसमोर वही घेऊन बसायची, शॉर्टहँडमध्ये उतरवायची, अडलं तर विचारायची. दोन पत्रांत सकाळ सरायची. मग साहेबांनी डिक्टाफोन आणला. घर साताऱ्यात आणि कचेरी सांगलीत, तेव्हा मधला सगळा रस्ता साहेब गाडीत मागे बसून त्या तळहाताएवढ्या यंत्राशी बोलत. कचेरीच्या दारात इवलीशी कॅसेट काढून ड्रायव्हरच्या हातात देत आणि यंत्र खिशात घालून तसेच पुढं कंपनीच्या मिरजेच्या कारखान्याकडं जात. सुहासिनी कानाला नळ्या लावून, पायाखालचं पॅडल दाबत ऐकायची, टाइप करायची, ‘करिता’ म्हणून सही करायची आणि दुपारच्या टपालात टाकायची. कामाला वेग आला होता हे तिलाही नाकारता येत नव्हतं. फक्त एक नवा नियम झाला होता. उलट विचारायचं नाही. विचारायला साहेब जागेवर असायचेच कुठं?

तिनं कॅसेट लावली. एकामागून एक पाच पत्रं झाली. मग सहावं सुरू झालं. ‘प्रति, कार्यकारी अभियंता. आमच्या साताऱ्याच्या फाउंड्रीतील संपामुळे पाटणच्या योजनेसाठी भरलेली निविदा आम्ही नाइलाजाने मागे घेत आहोत. संदर्भ नंबर तुम्ही घाला. संपलं.’

‘संपलं’ हा साहेबांचा कॅसेट संपवायचा शब्द होता. तो आला की ती हात थांबवायची.

साहेब हसले. “संप कधी झाला, बाई?”

तिनं पॅडलवरचा पाय काढला. “गेल्या वर्षी.”

“गेल्या वर्षी याच योजनेची पहिली निविदा आपण मागे घेतली. ते पत्र साताऱ्याला टाइप झालं. नंतर त्यांनी नव्यानं निविदा मागवल्या. ही जुनीच कॅसेट आहे. मी तिच्यावर पाच पत्रं बोललो, संपलं म्हणायचं विसरलो असेन, आणि पुढं जुन्याचा शेपटा शिल्लक राहिला. हे शेंबड्या पोराला कळलं असतं. तुम्हाला कळलं नाही?”

“साहेब, कारणं तुम्ही नेहमीच बनवून देता. मला वाटलं...”

“आणि नंबर? या वर्षीच्या निविदेचा नंबर या पत्रात कुणी घातला?”

“मी.”

“फायलीतून शोधून?”

“हो.”

“मग सांगून टाका,” साहेबांचा आवाज आणखी बारीक झाला, “बाळासोंनी तुम्हाला काय कबूल केलंय?”

संध्याकाळी फाटकावर नोटीस लागली. सु. आठल्ये यांना अप्रामाणिकपणाच्या संशयावरून कामावरून दूर करण्यात आलं आहे. ती घरी जायला निघाली तेव्हा सगळी कचेरी नोटिशीपुढं उभी होती. तिला वाट देण्यासाठी गर्दी दुभंगली. सगळे नोटीसच पुन्हा वाचू लागले.

२

तिसऱ्या दिवशी तिच्या खोलीची कडी वाजली. दारात काठीसारखा ताठ, पांढऱ्या भुवयांचा म्हातारा उभा होता.

“विष्णुपंत मेहेंदळे. पोलिसात होतो, आता वाईला असतो. मनुबाई शितोळ्यांनी पाठवलंय.”

मनुबाई म्हणजे साहेबांची थोरली वहिनी. नवरा गेल्यापासून कंपनीच्या अर्ध्या हिश्शाची मालकीण. साताऱ्याची फाउंड्री ती बघायची, आणि पाटणच्या कामावर वर्षभर ती फाउंड्री चालायची होती.

“मला सोडवायला आलात की कोठडीत घालायला?” सुहासिनीनं विचारलं.

“ते तुमच्यावर आहे.” आत न बोलावताच ते येऊन बसले. “माझ्या मते तुम्हीच केलंय. टाइप तुमचं, नंबर तुमचा, सही तुमची. अशी प्रकरणं मी चहा गार व्हायच्या आत मिटवलीत.”

“मग मिटवा. चहा मी देणार नाही.”

भुवया हलल्या. “कॅसेटबद्दल काही वेगळं आठवतं? की ते साहेबांपुढं बोलायची हिंमत नव्हती?”

तिला त्यांचा संताप आला, पण उत्तर होतं. “कॅसेटवर टिकली होती. हिरवी. सांगलीच्या कॅसेटवर टिकली नसते. मी प्रत्येक कॅसेट काम झालं की चुंबकावर फिरवून पुसते, म्हणून आमच्या कॅसेटवर जुनं काही उरतच नाही. टिकल्या साताऱ्याच्या कचेरीतली टायपिस्ट अबोली लावते. ती पुसत नाही. आळस. ही तिची, म्हणून मी न पुसता परत पाठवायला ठेवली होती.”

“तिच्याशी तुमचं पटत नाही.”

“तिला माझी जागा हवी आहे. वर्षभर सगळ्यांना सांगत फिरतेय.”

“हे तुम्ही साहेबांना सांगितलं नाहीत.”

“मला तोंड उघडू दिलं असतं तर ना!”

“चला,” विष्णुपंत उठले. “साताऱ्याला जायचंय. तुम्हीही. तुमच्यासमोर मी सगळ्यांना विचारणार. एक कुणीतरी खोटं बोलेल, आणि तेव्हा मी दुसऱ्याचा चेहरा बघत असेन.”

गाडी खाली उभी होती. स्टिअरिंगवर साहेबांचा ड्रायव्हर जोतीराम बसला होता. सुहासिनीला बघताच त्यानं काच वर केली.

३

आष्टा जवळ आलं. मग विष्णुपंतांनी मागून जोतीरामच्या खांद्यावर काठीचं टोक टेकवलं.

“त्या दिवशीची कॅसेट बाईंना तूच दिलीस?”

“व्हय.”

“मध्ये बदललीस?”

“आवं, काय बोलताय! साहेबांनी हातात दिली, मी जिना चढलो, बाईंच्या हातात दिली. बदलायला माझ्याकडं दुसरी हाय कुठं?”

“बाळासोंकडून मिळाली असेल.”

जोतीरामनं कचकन ब्रेक मारला. “उतरा. म्हातारं मानूस म्हनून ऐकून घेतोय. पलटणीत ड्रायव्हर हुतो मी. इमानावर येऊ नगा.”

“बरं. बाळासोंचं घर तरी पाहिलंयस?”

“पाह्यलंय. त्यात चोरी काय? मिरजेला दोनदा गेलो, साक्षीताईंच्या सोयरिकीचं बोलनं चाललंय तिकडं. साहेबांनीच नेलं.” मग त्याला वाटलं असावं की आपण जास्त बोललो. त्यानं गियर टाकला.

साक्षी ही साहेबांची एकुलती मुलगी. सुहासिनीला सोयरिकीची बातमी नवीन होती, पण साहेबांच्या घरचं तिला कोण सांगणार होतं?

विष्णुपंतांनी ते कानाआड केल्यासारखं दाखवलं. “त्या दिवशी वाटेत कुठं थांबलात?”

“हितंच. आष्ट्याच्या अलीकडं.”

“कशाला?”

“साहेब म्हनले, गाडी बंद कर आन् च्या पिऊन ये. मी म्हनलं, नगं. तर वराडले. ‘जा म्हनलं की जायचं!’ मग गेलो.”

“रोज थांबता?”

“कवाच न्हाई. पेठ नाक्याला सुदिक थांबत न्हाईत. मी परत आलो तवा साहेब मशीन कानाला लावून सोताचंच ऐकत हुते. थोडं ऐकायचं, थोडं बोलायचं, परत ऐकायचं. मला बघून बंद केलं.” आरशातून त्यानं सुहासिनीकडं जळजळीत नजर टाकली. “हे मी बाईंसाठी सांगत न्हाई. बाईंनी माझी ओव्हरटाइमची चिठ्ठी दोनदा परत केलीया.”

“नियमात नव्हती,” ती म्हणाली.

“तुमचा नियम तुमालाच लखलाभ. आता भोगा की.”

विष्णुपंत पहिल्यांदाच हसले. ते हसू तिला त्यांच्या रागापेक्षा वाईट वाटलं.

४

अबोलीनं रडायला सुरुवात केली ती विष्णुपंतांनी तोंड उघडायच्या आत.

“मी नाही दिली! ड्रॉवरमधून गेली. ड्रॉवरला कुलूप नसतं. सगळेच घेतात. साहेब घेतात, वहिनीसाहेबांचा हिशेबनीस घेतो.”

“बाईंची जागा तुला हवी होती.”

“हवीच आहे!” डोळे पुसता पुसता ती उसळली. “यांना काय येतं हो? यंत्राला हात लावताना पदर सावरतात. मला विचारा, मी एका दिवसात किती पत्रं काढते!”

“आणि एकही कॅसेट पुसत नाहीस,” सुहासिनी म्हणाली.

“तुम्ही मधे बोलू नका. तुम्ही आता कुणी नाही आहात इथं.”

फाउंड्रीचा भाता बाहेर धपधपत होता. दारात मनुबाई केव्हा येऊन उभी राहिली ते कुणाला कळलं नाही. डोक्यावर पदर, हातात किल्ल्यांचा जुडगा.

“इन्स्पेक्टर, घोळ मिटला का? पाटणचं काम गेलं, माझी भट्टी गार पडंल. शंभरभर घरं हायत माझ्यामागं. मला नाव सांगा.”

“तिघांपैकी एक,” विष्णुपंत म्हणाले. “कॅसेट ठेवणारी, नेणारा, किंवा टाइप करणारी.”

“मला बाईच वाटत्यात.” मनुबाईनं सुहासिनीकडं बघितलंही नाही. “शिकल्याली मानसं थंड डोक्यानं इकत्यात.”

सुहासिनी पुढं झाली. इतकी वर्षं या घराची गुपितं तिच्या वहीत होती, आणि एक शब्द कधी बाहेर गेला नव्हता. “वहिनीसाहेब, मला फासावर द्या, पण पुराव्यानं द्या. तुमच्या दिरांनी मला एक प्रश्नसुद्धा विचारू दिला नाही.”

“बरं केलं,” मनुबाई म्हणाली.

“मनुबाई,” विष्णुपंतांनी काठी टेकवली, “उद्या सांगलीला या. दिरांच्या खोलीत. माझ्या मनात एक नाव आहे, पण ते मी तिथंच घेणार. आणि नोटिशीपुढं जमलेली माणसं बाहेर असू देत.”

त्यांची नजर सुहासिनीवर होती. परतीच्या वाटेवर तिनं ठरवून टाकलं, की हा म्हातारा आपल्याला सगळ्यांसमोर सोलणार आहे.

५

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत सहाजण होते. अबोलीला आणलं होतं, जोतीराम दाराशी उभा होता. डिक्टाफोन टेबलावर मधोमध.

“लवकर आटपा, मेहेंदळे,” साहेब म्हणाले. “वहिनींना नाटकं आवडतात, मला नाहीत.”

विष्णुपंत सुहासिनीकडं वळले. “जुन्या कॅसेटवर नवं बोललं की जुन्याचा शेपटा उरतो. असे शेपटे तुम्ही पूर्वी ऐकलेत?”

“ऐकलेत. पहिले काही महिने मी पुसत नव्हते तेव्हा.”

“कसे सुरू होतात?”

“मधूनच. नवं बोलणं जिथं थांबेल तिथून. एखाद्या वाक्याच्या पोटातून, कधी अर्ध्या शब्दातून. म्हणून तर लगेच ओळखू येतात.”

“मग हा का ओळखला नाहीत?”

ती उत्तर द्यायला लागली आणि थांबली. खोलीत सगळे तिच्याकडं बघत होते. “कारण हे पत्र... ‘प्रति’पासून सुरू झालं. अख्खं.”

“अख्खं,” विष्णुपंत म्हणाले. “साहेबांचं नवं पत्र संपलं, आणि नेमकं तिथंच जुनं पत्र पहिल्या शब्दापासून सुरू झालं. मागच्याचा एक शब्द जास्त नाही, पुढच्याचा एक शब्द कमी नाही.”

“योगायोग,” साहेब म्हणाले.

“असेल. पाचवं पत्र ऐकू.”

त्यांनी यंत्र लावलं. पाचवं पत्र लोणंदच्या एका दुकानदाराला होतं, व्हॉल्व्ह पाठवत असल्याबद्दल. साहेबांच्या आवाजामागं गाडीचं इंजिन घुमत होतं. मग घुमणं थांबलं. शांततेत साहेबांचा आवाज पुन्हा म्हणाला, व्हॉल्व्ह पाठवत आहोत. खट्. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत. खट्. व्हॉल्व्ह मिळताच कळवावे. खट्. पुनश्च आभार. खट्.

“हे पत्र तुम्ही असंच टाइप केलंत, बाई?”

“नाही. तेच तेच होतं, म्हणून निम्मं कापलं. साहेब असे घोळ घालत नाहीत. मला वाटलं, थकले असतील.”

“थकले नव्हते. गाडी आष्ट्याच्या अलीकडं उभी होती, जोतीरामला हाकलून दिलं होतं, आणि साहेब मोकळी जागा चिमटीचिमटीनं भरत होते. थोडं बोलायचं, पुढं काय आहे ते ऐकायचं, उरलं असेल तर आणखी थोडं बोलायचं. जुन्या पत्राच्या ‘प्रति’च्या उंबऱ्यापर्यंत आणून सोडलं, आणि ‘संपलं’ म्हणाले नाहीत.”

“मूर्खपणा!” साहेबांचा आवाज बारीक झाला. “अबोलीच्या ड्रॉवरची कॅसेट आहे ती!”

“मान्य. अबोलीनं मुद्दाम दिली असेल. जोतीरामनं यंत्रात सरकवली असेल. बाईंना बाळासोंनी विकत घेतलं असेल. सगळं मानतो.” काठी एकेकाकडं वळत गेली आणि साहेबांवर थांबली. “पण पत्र बोलता बोलता तुम्ही कुठं थांबायचं, हे यांच्यापैकी कुणाच्या हातात होतं? यंत्र तुमच्या खिशात. बाईंचं यंत्र नुसतं ऐकवतं, त्याच्यात बोलता येत नाही. कॅसेट तुमच्या हातातून जिना चढून वर आली. थांबण्याची जागा एकच माणूस ठरवू शकत होता.”

अबोलीनं मान वर करून साहेबांकडं बघितलं.

“आणि कशासाठी?” साहेब म्हणाले. “माझंच काम मी कशाला घालवू?”

विष्णुपंत मनुबाईकडं वळले. मनुबाईचा चेहरा हळूहळू पालटत होता.

“भावजी,” ती म्हणाली, “साक्षीला मिरजेत कुनाच्या घरात देताय तुमी?”

“वहिनी, ते अजून...”

“मला म्हनलासा, वकिलाचं घर हाय. जोतीराम, खरं बोल. कुनाच्या दारात गाडी लावली?”

जोतीरामनं मान खाली घातली. “बाळासो निकमांच्या.”

“पोरीसंगं माझी भट्टी आंदण दिलीसा व्हय?”

“आंदण नाही!” साहेब उठले. “दोन घरं एक होणार होती. आज त्यांचं काम, उद्या आपलं. तुम्हाला विचारलं असतं तर हो म्हणाला असतात? तुमचं आपलं एकच, भट्टी आणि भट्टी! बोलून मागे घेतलं असतं तर तुम्ही मला उभं चिरलं असतं. म्हणून...”

“म्हणून मला चिरलंत,” सुहासिनी म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडं बघितलं, जणू खोलीत ती आहे हे आत्ताच कळलं. “तुम्हाला मी नंतर कुठंतरी चिकटवून दिलं असतं.”

६

विष्णुपंतांनी काठी उचलली. “माझं नाव सांगून झालं, मनुबाई.” सुहासिनीजवळून जाताना ते थांबले. “मला अजूनही वाटतं, संप कुठं आहे, हे तुम्ही विचारायला हवं होतं.”

“मलाही वाटतं,” ती म्हणाली. “आता जा.”

ते गेल्यावर मनुबाईनं किल्ल्या चाळवल्या. मग म्हणाली, “बाई, उद्यापास्नं कामावर या. फाटकावरचा कागूद काढून टाकतो. पन पोरीचं नाव ह्यात गुतलंय. तिचा काय दोष? घरातलं घरात ऱ्हाऊ द्या.”

सुहासिनीला हे अपेक्षित होतं. कालपर्यंत एवढ्यावर तिनं हात जोडले असते.

“कागद काढलात तर लोक म्हणतील, पाया पडली म्हणून परत घेतली. मी ज्या रस्त्यानं येते त्या रस्त्यावरच्या दुकानदारानंसुद्धा तो कागद वाचलाय, वहिनीसाहेब. ज्यांनी वाचलंय, त्यांना ऐकू जायला हवं. कुणी केलं त्याच्या नावासकट.”

“मी बोलणार नाही,” साहेब म्हणाले. “जीव गेला तरी.”

“तुम्ही बोलूच नका. तुमचं बोललेलं मी पुष्कळ ऐकलंय.”

“बाई, तोंड सांभाळून!” मनुबाई कडाडली. “मालक हायत ते.”

“मग मला नको ही नोकरी. मी कोर्टात जाईन. साक्षीचं नाव तिथं वकील घेतील, आणि मग ते घरात राहणार नाही.”

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. त्या नजरेत माया नव्हती, दयाही नव्हती. बाहेर टाइपरायटर बंद होते. सगळी कचेरी दाराला कान लावून असणार, हे दोघींनाही माहीत होतं.

मनुबाई उठली. पदर नीट केला, दार सताड उघडलं, आणि फाउंड्रीत भट्टीच्या आवाजावरून बोलावं तशा आवाजात बोलली.

“ऐका रं समदे. पाटणचं काम माझ्या दिरानं घालवलं. सोताच्या हातानं, मला फशिवून. बाईंनी काय केलेलं न्हाई. ज्यानं तो कागूद लावला त्यानंच जाऊन फाडावा. आन् ह्यातलं कुनाला मिरजेला जाऊन सांगायचं आसंल तर खुशाल सांगा. मोडली सोयरीक तर मोडली.”

मागं साहेबांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मनुबाई वळली नाही. जिना उतरताना किल्ल्यांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

सुहासिनी आपल्या टेबलाशी जाऊन बसली. थोड्या वेळानं हिशेबखात्यातले नाथाजी आले. “बाई, आम्हाला आधीपासून खात्री होती.” मग टपालवाले अर्जुनामामा आले, मग आणखी दोघं. अबोली चहाचा कप घेऊन आली आणि कप कुठं ठेवावा ते न कळून तशीच उभी राहिली. टेबलासमोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

तिनं एकालाही बसा म्हटलं नाही.